शालेय विज्ञान, मराठीतील : द्रव्य, द्रावण व पेशी

शालेय विज्ञान, मराठीतील : निर्जीव सृष्टी कशाची बनली आहे, एक पदार्थ दुसऱ्यात मिसळतो म्हणजे काय होते आणि सजीवाचे शरीर कोणत्या घटकांनी घडते, हे तीन प्रश्न शालेय विज्ञानाच्या आरंभी येतात. त्यांची उत्तरे अनुक्रमे द्रव्य, द्रावण व पेशी या संज्ञांच्या आधारे दिली जातात. या तीन संकल्पना मराठी पुस्तकांत एकदम आल्या नाहीत. द्रव्याचे ज्ञान एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आले, द्रावणाचे रसायनशास्त्राबरोबर आले आणि पेशीचे सर्वांत उशिरा. त्यांची नावे स्थिर होण्यास तर त्याहून अधिक काळ लागला. मराठीतील शालेय विज्ञानाचा इतिहास बऱ्याच अंशी या नावांचा इतिहास आहे. मुलाला विज्ञान कळते की नुसते पाठ होते, हे ठरविण्यात नावांचा वाटा किती मोठा असतो याची जाणीव मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत फारशी नव्हती.

आरंभीची ग्रंथरचना : ईस्ट इंडिया कंपनीच्या १८१३ च्या सनदेत शिक्षणासाठी वर्षाला किमान एक लाख रुपये बाजूला काढण्याची तरतूद झाली आणि तीत शास्त्रीय ज्ञानाच्या प्रसाराचा उल्लेख होता. मुंबई इलाख्यात या कामाला प्रत्यक्ष रूप आले ते मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याच्या कारकीर्दीत (१८१९–२७). १८२२ मध्ये स्थापन झालेल्या व पुढे बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने मराठी व गुजराती शाळापुस्तके तयार करविली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस, सदाशिव काशीनाथ छत्रे आणि बाळशास्त्री जांभेकर (१८१२–४६) यांचा या कार्याशी निकटचा संबंध होता. हरी केशवजी पाठारे यांचे सिद्धपदार्थविज्ञानशास्त्रविषयक संवाद हे पुस्तक १८३३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यापाठोपाठ रसायनशास्त्रावरही त्यांनी संवादरूप पुस्तक लिहिले. प्रश्नोत्तरांतून विज्ञान सांगण्याची ही तऱ्हा त्या काळी इंग्लंडमध्ये लोकप्रिय होती. जेन मार्सेट या लेखिकेच्या रसायनविषयक संवादांनी (१८०६) पुस्तकबांधणी शिकणाऱ्या मायकेल फॅराडे याला विज्ञानाकडे वळविले, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. मराठीत ही तऱ्हा सहज रुळली. गुरुशिष्यसंवादाची परंपरा मराठी वाचकाला मुळीच परकी नव्हती.

या पुस्तकांच्या काळाकडे थोडे लक्ष दिले पाहिजे. जॉन डाल्टन याचा अणुसिद्धांत १८०८ मध्ये मांडला गेला होता. त्यामुळे तो मराठीत येण्यास फार विलंब लागण्याचे कारण नव्हते. पेशीची गोष्ट वेगळी होती. रॉबर्ट हुक याने बुचाच्या पातळ कापातील कप्पे १६६५ मध्ये पाहिले होते आणि रॉबर्ट ब्राउन याने केंद्रकाचे वर्णन १८३१ मध्ये केले होते; तथापि सर्व वनस्पती व प्राणी पेशींनीच बनलेले आहेत हा सिद्धांत श्लायडेन व श्वान यांनी १८३८-३९ मध्ये मांडला आणि पेशीपासूनच पेशी निर्माण होते हे तत्त्व फिरखो याने १८५५ मध्ये सांगितले. म्हणजे पदार्थविज्ञानावरील पहिली मराठी शाळापुस्तके छापली जात होती, तेव्हा पेशीसिद्धांत युरोपातही अस्तित्वात आलेला नव्हता. मराठी पुस्तकांत पेशी मागाहून आली याचा दोष भाषांतरकारांना देणे अन्यायाचे होईल.

जांभेकरांनी दिग्दर्शन (१८४०) या मासिकातून शास्त्रीय विषय सामान्य वाचकांपुढे ठेवले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी पदार्थविज्ञानावर शालेय पुस्तक रचले. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांच्या अनेकविद्यामूलतत्त्वसंग्रहात विविध शास्त्रांची मूलतत्त्वे सोप्या गद्यात आली. पुढील पिढीत कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७–१९०६) यांनी रसायनशास्त्र, पदार्थविज्ञान आणि इतर शास्त्रीय विषयांवर मराठीत सातत्याने लेखन केले. इंग्रजी माध्यमाच्या ऐन भरात, परीक्षेसाठी कोणी मागितलेली नसताना ही पुस्तके लिहिली गेली, हे त्यांचे विशेष मोल आहे.

माध्यमाचा वाद याआधीच झडला होता. १८४० मध्ये स्थापन झालेल्या शिक्षणमंडळात अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीचा पुरस्कार करीत होते, तर जर्व्हिस व जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांच्या बाजूने उभे होते. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर वरिष्ठ शिक्षण इंग्रजीत गेले व हळूहळू माध्यमिक शाळांनीही तीच वाट धरली. परिणामी विज्ञान हा इंग्रजी शाळेचा विषय झाला आणि मराठी शाळेत वाचन, लेखन व हिशेब एवढेच प्रामुख्याने उरले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात शेतीचे प्राथमिक ज्ञान व आरोग्याचे धडे असावेत असे सुचविले. शास्त्रीय ज्ञान शेतकऱ्याच्या मुलापर्यंत त्याच्याच शाळेतून पोहोचले पाहिजे, हा या सूचनेचा अर्थ होता. त्या दिशेने प्रत्यक्ष वाटचाल होण्यास बराच काळ जावा लागला.

परिभाषेची घडण : विज्ञानाला मराठी शब्द कोठून आणावे याची तीन उत्तरे दिली गेली. जुन्या दर्शनांतील व आयुर्वेदातील संस्कृत संज्ञा नव्या अर्थाने वापराव्या, हे पहिले. संस्कृत धातूंपासून नवे शब्द घडवावे, हे दुसरे. आणि बाजारात व घरात चालू असलेले किंवा इंग्रजीतून रुळलेले शब्द तसेच ठेवावे, हे तिसरे. प्रत्यक्षात तिन्हींची सरमिसळ झाली.

द्रव्य हा शब्द पहिल्या प्रकारचा आहे. वैशेषिक दर्शनात पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश, काल, दिक्, आत्मा व मन अशी नऊ द्रव्ये मानली आहेत. आधुनिक विज्ञानात जागा व्यापणारे व वस्तुमान असणारे ते द्रव्य. या व्याख्येने नवांपैकी काल, दिक्, आत्मा व मन बाहेर पडले आणि तेज म्हणजे प्रकाश व उष्णता हेही ऊर्जेच्या बाजूला गेले. व्यवहारातील मराठीत मात्र द्रव्य म्हणजे पैसा. पदार्थ या शब्दाची स्थिती याहून गमतीची आहे. दर्शनात तो ज्ञेय वस्तूंचा वर्ग, विज्ञानात विशिष्ट रचनेचे द्रव्य आणि स्वयंपाकघरात खाण्याची वस्तू. ‘पदार्थाच्या तीन अवस्था’ हा धडा वाचणाऱ्या मुलाच्या मनात प्रथम लाडू-चकली उभी राहिली तर त्याची चूक म्हणता येत नाही.

परमाणू व रेणू यांची कथा अधिक बोधक आहे. वैशेषिकांच्या मते दोन परमाणूंचे द्व्यणुक होते आणि तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक. झरोक्यातून येणाऱ्या उन्हात तरंगताना दिसणारा धूलिकण म्हणजे हे त्र्यणुक, यालाच त्रसरेणू म्हणतात. या शब्दसमूहातून मराठीने मूलद्रव्याच्या सर्वांत लहान कणाला अणू आणि अणूंच्या संयोगाने बनणाऱ्या कणाला रेणू म्हटले. हिंदी व गुजराती या भाषांनी पहिल्याला परमाणू आणि दुसऱ्याला अणू ही नावे दिली. म्हणून मराठीतील अणुबाँबला हिंदीत परमाणू बम म्हणतात. मराठी शाळेत शिकलेला विद्यार्थी हिंदी पुस्तक उघडतो तेव्हा ‘अणू’ हा एकच शब्द त्याला नेमका वेगळ्या वस्तूकडे नेतो. दोन्ही भाषांनी एकच जुनी सामग्री वाटून घेतली, पण वाटणी करताना एकमेकींना विचारले नाही.

वायूंच्या नावांत असाच मतभेद झाला. लाव्हाझ्ये याने ऑक्सिजनाला दिलेल्या नावाचा अर्थ ‘आम्ल निर्माण करणारा’ असा आहे. सर्व आम्लांत हा वायू असतो अशी त्याची समजूत होती. हंफ्री डेव्ही याने १८१० मध्ये क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचे दाखविले आणि मिठापासून मिळणाऱ्या आम्लात ऑक्सिजन नसतो हे स्पष्ट होऊन ती समजूत मागे पडली. नाव मात्र राहिले. मराठीतील प्राणवायू या शब्दात ही चूक नाही, म्हणूनच तो टिकला असे नव्हे, पण तो लोकांच्या तोंडी बसला एवढे खरे. नागपूर येथे डॉ. रघुवीर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास संस्कृतनिष्ठ परिभाषेचा मोठा प्रकल्प हाती घेतला. त्यात ऑक्सिजनाला जारक व नायट्रोजनाला भूयाति असे शब्द योजले होते. त्यामागे पद्धतशीर विचार होता, तरी शाळांनी ते शब्द स्वीकारले नाहीत. य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांनी संपादिलेल्या शास्त्रीय परिभाषा कोशाने (१९४८) तोवर विखुरलेल्या मराठी संज्ञा एकत्र केल्या. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर भाषा संचालनालय (१९६०) व विश्वकोशाचे संपादकमंडळ यांनी परिभाषेचे काम पुढे नेले.

या सर्व खटाटोपात बाजारातील रसायनशास्त्राकडे दुर्लक्ष झाले, असे खेदाने म्हणावे लागते. तुरटी, मोरचूद, हिराकस, नवसागर, सोरा, पापडखार, चुन्याची निवळी हे शब्द शुद्ध व नेमक्या पदार्थांची नावे आहेत. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट व हिराकस म्हणजे फेरस सल्फेट हे किराणा दुकानदाराला ठाऊक नसले, तरी तो एकाच्या जागी दुसरा देत नाही. जुन्नर तालुक्यातील द्राक्षबागायतदार मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारतो, तेव्हा तो रसायनाचा प्रयोगच करीत असतो.

द्रावण : दोन किंवा अधिक पदार्थांचे एकजिनसी मिश्रण म्हणजे द्रावण. विरघळणारा पदार्थ द्राव्य व ज्यात तो विरघळतो तो द्रावक. मराठी विश्वकोशाने द्रावणाऐवजी विद्राव व द्रावकाऐवजी विद्रावक या संज्ञा स्वीकारल्या. पाठ्यपुस्तके द्रावण या शब्दावर स्थिर राहिली. दोन्ही शब्द ‘द्रु’ म्हणजे वाहणे या धातूपासून आले आहेत. अडचण त्यातूनच निर्माण होते. द्रव्य, द्रव, द्राव्य, द्रावक, द्रावण, पुढे पेशीद्रव आणि जीवद्रव्य असे कानाला जवळजवळ सारखे वाटणारे सात शब्द दोनतीन इयत्तांत एकामागून एक येतात. संस्कृत जाणणाऱ्याला त्यांतील नाते दिसते. न जाणणाऱ्याला केवळ गोंधळ दिसतो, आणि शाळेतील बहुसंख्य मुले न जाणणारीच असतात.

बोलभाषेतील एका शब्दजोडीनेही येथे घोटाळा होतो. शास्त्रीय लेखनात साखर विरघळते व बर्फ वितळतो. पहिल्या क्रियेला दुसरा पदार्थ लागतो, दुसरीला केवळ उष्णता. बोलताना मात्र बर्फही ‘विरघळला’ असे सर्रास म्हटले जाते. इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलांचाही या दोन क्रियांत गोंधळ होतो, त्यामुळे तो केवळ मराठीचा दोष नाही. पण शिक्षकाने हा फरक शब्दांच्या पातळीवरच प्रथम उलगडून दाखविला नाही, तर पुढचा सारा पाठ पोकळ पायावर उभा राहतो.

वास्तविक द्रावणाची संकल्पना मराठी घरात फार तयार स्वरूपात आहे. खोलीच्या तपमानाला १०० ग्रॅ. पाण्यात सु. ३६ ग्रॅ. मीठ विरघळते; त्यापुढे टाकलेले मीठ तळाशी राहते. साखर त्याच पाण्यात सु. २०० ग्रॅ. विरघळते आणि पाणी तापविल्यास आणखी पुष्कळ. एकतारी, दोनतारी व गोळीबंद पाक या पायऱ्या म्हणजे द्रावणाची संहती मोजण्याची घरगुती पद्धतच होय. त्यासाठी तपमापी किंवा घनतामापी लागत नाही, दोन बोटे पुरतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरविल्यावर तळाशी बसणारा साका आणि वर राहणारी निवळी यांवरून निलंबन व द्रावण यांतील भेद सांगता येतो. निवळी हे शब्दरूपही पाहण्यासारखे आहे : ते क्रियेचे फळ सांगते, ती क्रिया घडविणाऱ्या बियांचे नाव सांगते आणि शिक्षकाच्या टेबलावरील चुन्याच्या निवळीलाही लागू पडते.

पेशी : पेशी या शब्दाने मराठीने शेजारच्या भाषांपासून वेगळी वाट धरली. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मानवी शरीरात पाचशे पेशी व नऊशे स्नायू सांगितले आहेत. तेथे पेशी म्हणजे मांसाचा पिंड, आजच्या भाषेत स्नायू. आणि स्नायू म्हणजे सांधे बांधणारे तंतू. हिंदी व बंगाली या भाषांनी पेशी हा शब्द जुन्या अर्थाने, मांसपेशीसाठी, राखून ठेवला आणि सजीवाच्या सूक्ष्म घटकाला कोशिका किंवा कोश म्हटले. मराठीने पेशी हा शब्द सूक्ष्म घटकाला दिला व मांसपेशीला स्नायू म्हटले. बंगालीत स्नायू म्हणजे मज्जातंतू. एकाच संस्कृत शब्दाचे तीन भाषांत तीन अवयव झाले. याचा त्रास केवळ भाषांतरकाराला होतो असे नाही. मराठी शाळेतून आयुर्वेद महाविद्यालयात गेलेल्या विद्यार्थ्याला सुश्रुताचे पाचशे हा आकडा पेशींचा म्हणून वाचावा लागतो, जेव्हा त्याच्या शालेय ज्ञानानुसार शरीरातील पेशींची संख्या कित्येक लक्ष कोटींत मोजली जाते.

मराठी विश्वकोशाने ही विसंगती टाळण्यासाठी कोशिका हा शब्द घेतला व पेशी हा त्याचा पर्याय म्हणून दिला. तिच्यातील केंद्रकाला प्रकल व सभोवतीच्या भागाला परिकल असे म्हटले. शब्द नेमके होते. तरीही शाळेत पेशी, केंद्रक व पेशीद्रव शिकलेला जिज्ञासू मुलगा कोशातील कोशिका, प्रकल व परिकल यांच्यापुढे उभा राहतो, तेव्हा आपण काही नवीनच विषय वाचत आहोत असे त्याला वाटते. शाळापुस्तक व ज्ञानकोश या दोन्ही शासनाच्याच उपक्रमांनी एकाच वस्तूला दोन नावे द्यावी, ही गोष्ट समर्थनीय नाही. [→ कोशिका].

पेशी सांगण्यात शब्दाखेरीज आणखी एक अडचण आहे. द्रव्य हाताला लागते, द्रावण चाखता येते. पेशी मात्र सूक्ष्मदर्शकावाचून दिसत नाही. कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी सु. पाव मिलिमीटर लांब असते आणि आयोडिनाचा थेंब टाकल्यावर साध्या सूक्ष्मदर्शकातून तिचे केंद्रक दिसते. कोंबडीच्या अंड्यातील पिवळा बलक ही एकच पेशी असून ती नुसत्या डोळ्यांनी दिसते, हे उदाहरण पुस्तकांनी वारंवार वापरले, कारण सूक्ष्मदर्शक नसलेल्या शाळा पुष्कळ होत्या. जेथे उपकरण नव्हते तेथे फळ्यावरची आकृती हीच पेशी झाली. वहीत ती रंगवून काढलेली, नावे दिलेली आणि सपाट अशीच राहिली.

लोणच्याच्या फोडींना मीठ लावल्यावर सुटणारे पाणी हे द्रावण व पेशी यांना जोडणारे उत्तम उदाहरण होय. फोडीबाहेर मिठाचे तीव्र द्रावण तयार होते, पेशीचे पटल पाणी जाऊ देते व पेशीतील पाणी बाहेर पडते. भिजत घातलेला बेदाणा फुगतो तो याच क्रियेच्या उलट दिशेने. पाठ्यपुस्तके या क्रियेला परासरण म्हणतात. तिचे गणिती स्पष्टीकरण फान्ट हॉफ याने १८८७ मध्ये दिले व १९०१ मध्ये रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. मराठी गृहिणी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून बरण्या भरीत आली आहे.

शाळेतील प्रवेश : कोठारी आयोगाने (१९६४–६६) पहिल्या दहा वर्षांच्या शिक्षणात विज्ञान व गणित सर्वांसाठी आवश्यक असावे अशी शिफारस केली. महाराष्ट्रात पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ १९६७ मध्ये स्थापन झाले आणि नव्या आकृतिबंधानुसार दहावीची पहिली शालांत परीक्षा मार्च १९७५ मध्ये झाली. तोवर मराठी माध्यम सर्वत्र रूढ झाले होते. धोंडो केशव कर्वे यांच्या महिला विद्यापीठाने (१९१६) वरिष्ठ शिक्षणही मातृभाषेतून देता येते हे आधीच दाखविले होते. सृष्टिज्ञान (१९२८) या मासिकाने व मराठी विज्ञान परिषदेने (१९६६) शाळेबाहेर मराठी विज्ञानलेखनाची सवय टिकविली. आता मराठी मुलामुलींपैकी जवळजवळ प्रत्येकाला द्रव्य, द्रावण व पेशी हे धडे वाचावे लागणार होते.

भाषेचा प्रश्न यानंतरच खऱ्या अर्थाने पुढे आला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने (१९७४) जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत व मुंबईतील महापालिकेच्या शाळांत काम केले. केंद्राचे पहिले संचालक व्ही. जी. कुलकर्णी व त्यांचे सहकारी यांनी असे दाखवून दिले की, वंचित स्तरांतील मुले विज्ञानात मागे पडतात त्याचे एक प्रमुख कारण पुस्तकाची व वर्गातील भाषा हे आहे. ती सुलभ केली की आकलन सुधारते. ही मुले मराठी माध्यमातच शिकत होती. अर्थात मातृभाषेतून शिक्षण एवढ्याने काम भागत नाही, कारण पुस्तकाची मराठी ही त्यांच्या घरची मराठी नसते. मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने (१९७२–२००२) याच सुमारास परिसरातील वस्तू घेऊन मुलांनी स्वतः प्रयोग करावे यावर भर दिला होता.

डोंगरी प्रदेशातील स्थिती : पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील तळेघर व त्याच्या आसपासची गावे यांवरून हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. तळेघर हे भीमाशंकरकडे जाणाऱ्या मार्गावर, सह्याद्रीच्या माथ्याजवळ वसलेले आहे. या पट्ट्यात आणि त्याला लागून असलेल्या जुन्नरच्या पश्चिम भागात महादेव कोळी व ठाकर या आदिवासी जमातींची वस्ती आहे. पावसाच्या पाण्यावरचे भात, नाचणी व वरई ही पिके आणि जंगलातील हिरडा यांवर येथील उपजीविका बव्हंशी अवलंबून असते. याच तालुक्यातील घोडेगाव येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय असून शासकीय आश्रमशाळा त्याच्या अखत्यारीत येतात.

पाठ्यपुस्तक साऱ्या राज्यासाठी एकच असते. त्यातील प्रयोग ज्या हवामानाची कल्पना करून लिहिलेले असतात, ते माथ्यावरचे नसते. शाळा जूनच्या मध्यास सुरू होते. मिठाचे द्रावण पसरट भांड्यात घालून उन्हात ठेवा, पाणी उडून जाईल व मीठ मागे राहील, हा साधा प्रयोग पावसाळ्यात अशा ठिकाणी होऊच शकत नाही. आठवडाच्या आठवडा ऊन पडत नाही, हवा बाष्पाने संपृक्त असते आणि डब्यातील जाड्या मिठालाच पाणी सुटते. या पाणी सुटण्याचेही कारण आहे. समुद्राच्या कच्च्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड अल्प प्रमाणात असते व ते हवेतील बाष्प शोषून घेऊन त्यातच विरघळते. म्हणजे पुस्तकातला प्रयोग तेथे फसतो, पण द्रावण शिकविणारा दुसरा प्रयोग घरोघरच्या मिठाच्या डब्यात आपोआप चाललेला असतो. पाणी १००° से. तपमानाला उकळते हे विधानही समुद्रसपाटीवरचे आहे. सु. ९०० मी. उंचीवर ते सु. ९७° से. ला उकळते. तपमापीवर ९७ आकडा पाहिलेल्या मुलाने उत्तरपत्रिकेत १०० लिहावे अशी अपेक्षा असते. हवेचा दाब का महत्त्वाचा हे समजावून देण्याची संधी त्यात वाया जाते.

हिरड्याची गोष्ट याहून लक्षणीय आहे. कोवळा बाळहिरडा गोळा करून वाळविणे व विकणे हे या भागातील अनेक कुटुंबांचे रोख उत्पन्नाचे साधन आहे. हिरड्यात टॅनिने विपुल असतात. वाळलेले फळ कुटून पाण्यात घातले की तपकिरी द्रावण मिळते, गाळ मागे राहतो आणि गाळलेल्या पाण्यात हिराकस टाकला की ते काळे होते. जुन्या काळची शाई अशीच करीत. कातडी कमावण्यासाठी हिरडा परदेशी जात असे तोही या टॅनिनांसाठीच. कातड्यातील प्रथिनांशी त्यांचा संयोग होतो व कातडे कुजत नाही. द्राव्य, द्रावक, गाळण, रासायनिक बदल आणि सजीवाच्या शरीरातील प्रथिने एवढे सर्व या एका फळात आहे. तळेघरच्या मुलाने ते पायथ्यापासून शेंड्यापर्यंत हाताळलेले असते. राज्याच्या पुस्तकाने कांदा घेतला, कारण तो सर्वत्र मिळतो, आणि ते योग्यच आहे. पण एकच उदाहरण सर्वांना पुरे पडते ही समजूत त्याबरोबर आली. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याची राब पद्धतीही अशीच आहे. राखेतील विद्राव्य क्षार पहिल्या पावसाबरोबर मातीत उतरतात, हे द्रावणाच्या धड्यात सांगता येते. सहसा राबाचा उल्लेख शाळेत झालाच तर तो भूगोलात होतो.

अलीकडील स्थिती : २०१७ व त्यानंतरच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकांत पेशीरचना सातवीत, तर द्रव्याचे संघटन व पेशीची अंगके आठवीत आली आणि मराठी संज्ञेजवळ इंग्रजी प्रतिशब्द देण्यात येऊ लागले. गेल्या काही दशकांत मराठी माध्यमाच्या अनेक शाळांनी विज्ञान व गणित इंग्रजीतून आणि बाकीचे विषय मराठीतून शिकविण्याची, सेमी-इंग्रजी म्हणून ओळखली जाणारी पद्धत स्वीकारली आहे. पालकांचा कल तिच्याकडे आहे व त्यामागील कारणे व्यवहाराची आहेत, कारण वरिष्ठ विज्ञानशिक्षण इंग्रजीतच मिळते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विज्ञान व गणित यांची द्विभाषिक पुस्तके करावी असे सुचविले आहे. सेमी-इंग्रजी शाळेत अणू-परमाणू व पेशी-कोशिका हा वाद राहत नाही, कारण दोन्ही शब्द जातात. ज्याच्या घरची बोली पुस्तकी मराठीपासून आधीच एक पायरी दूर आहे, अशा मुलाच्या वाटेवर तेथे दुसरी पायरी वाढते. विरघळणे व वितळणे यांतील भेद त्याला ज्या भाषेत कळू शकला असता, ती भाषा विज्ञानाच्या तासाला वर्गाबाहेर असते.